बैलजोडीच्या बदल्यात आलेला कॉम्प्युटर

अक्का, तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. मुरबाडहून शहापूरला तुमचा निरोप यायचा तो तांदळाच्या पोत्याबरोबर, आणि पोतं घेऊन येणाऱ्याकडेच माझं उत्तर परत जायचं. लिहिलं असतं तरी तुम्ही म्हणाला असतात, "तोंडानं सांग गो वयनी, कागद कशाला नासवतेस?" आता तोंडानं सांगायची सोय उरली नाही, म्हणून लिहिते आहे. तिकडे कॅनडात मिहीर आणि सई हे वाचणार आहेत. नातवंडांना मी सांगितलं आहे, आत्याआजीशी मी बोलते, तुम्ही बाजूला बसून ऐका.

तुमचं वय, गाव, किती भात पिकवलंत, घर कसं सांभाळलंत, हे सगळं तुमच्या भावाने, म्हणजे पोरांच्या आजोबांनी, तेराव्याला आलेल्यांना सांगितलं. नीट सांगितलं. मला बोलायचं आहे ते कॉम्प्युटरबद्दल, आणि त्यावरून आपल्या दोघींचा जो वाद अर्धाच राहिला त्याबद्दल.

गुडघ्यांनी साथ सोडल्यावर तुम्ही जमीन दुसऱ्याला कसायला दिलीत आणि आमच्याकडे राहायला आलात. बैलजोडी मात्र तुमच्याच्याने विकवत नव्हती. शेवटी म्हसा गावच्या जत्रेत ती विकलीत. त्या संध्याकाळी घरी येऊन पदराची गाठ सोडलीत, नोटा माझ्यासमोर ठेवल्यात आणि म्हणालात, "मिहीर खेळतो तसला कॉम्पुटर आनायचा."

तुमच्या भावाने वर्तमानपत्र खाली घेतलं. "अक्का, त्यापेक्षा मोठा टीव्ही घे. निवांत बघत बस."

"टीवीत दुसरेच करतात समदं. मला माझ्या हातानं करायचंय."

आम्हाला वाटलं, कारण कळलं. त्या दिवसांत मिहीर-सई एक शेतीचा खेळ खेळायचे. व्हिडिओ कॉलवर त्यांनी तुम्हाला त्यांचं शेत दाखवलं होतं, पडद्यावरचा ट्रॅक्टर, गव्हाची रास. तुम्ही फार लक्ष देऊन पाहत होतात. जमीन सुटली, आता पोरांबरोबर पडद्यावर तरी शेती करावी असं तुमच्या मनात असणार, असं मी धरून चालले. मिहीरने सांगितलं की तयार कॉम्प्युटर घेतला तर त्याच पैशात हलका येतो, सुटे भाग निवडा आणि घरीच जोडा. सोपं आहे म्हणाला. तुमचा भाऊ भातसानगरला धरणाच्या इलेक्ट्रिक विभागात सगळी नोकरी केलेला माणूस. तो म्हणाला, "दोघींनी मिळून आधी एक रेडिओ जोडून दाखवा."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू वाच गो. मी बघते."

असंच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. लग्न होऊन मुरबाडच्या घरात आले तेव्हा इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली सून म्हणजे घरात आणलेली काचेची बरणी होती. लावणीच्या दिवसांत मी चिखलात उतरले आणि थोड्याच वेळात रोपांसकट बसले. बायका हसायला लागल्या. तुम्ही मला हात धरून बांधावर आणलंत, माझ्या पिशवीतलं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलंत आणि मागे वळून ओरडलात, "ती वाचंल, आपुन लावू. कोनाला काय बोलायचंय?" कोणाला काही बोलायचं नव्हतं. त्या घरात मला पुढे जो मान मिळाला तो त्या बांधावरून सुरू झाला. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्हाला आवडलं नसतं.

तर मी वाचलं. इंग्रजीतली परीक्षणं, तुलना, भांडणं, सगळं वाचलं, आणि रोज चहानंतर तुम्हाला मराठीत सांगितलं. प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं, रॅम म्हणजे हाताशी ठेवलेलं सामान, एसएसडी म्हणजे कोठी. मग जेवणाच्या टेबलावर मी वाट्या मांडल्या, एकेका भागाची एकेक, आणि तुमच्या पैशाचे चिंचोके करून त्यांत वाटून टाकले. शेतीच्या खेळाला फार ताकद लागत नाही, म्हणून ग्राफिक्स कार्डाच्या वाटीत अगदी थोडे टाकले. वाचलेले चिंचोके मोठ्या पडद्याच्या आणि चांगल्या कॅबिनेटच्या, म्हणजे सगळे भाग ठेवायच्या पेटीच्या, वाटीत.

सकाळी उठून पाहते तर कार्डाची वाटी शिगोशीग भरलेली आणि कॅबिनेटची जवळजवळ रिकामी.

"अक्का, हे कोणी केलं?"

"पेटीला कशाला पैशे? गोठा कसाबी चालतो. बैल बघ."

मी परत काढले. तुम्ही परत टाकलेत. आठवडाभर आपलं हेच चाललं होतं. तुमचा भाऊ जाता-येता वाट्यांत डोकावून म्हणायचा, "आज कोणाचं सरकार?" पॉवर सप्लायच्या वाटीला मात्र तुम्ही हात लावला नाहीत. आपल्याकडे वीज कशी नाचते ते तुम्हाला माहीत होतं, आणि तो भाग सगळ्यांना खायला घालतो असं मी सांगितलं होतं. "चाऱ्यात कंजुशी नाय," एवढंच म्हणालात.

प्रोसेसर आणि कार्ड यांच्याबद्दल तुमचं एकच म्हणणं होतं. एक जोरकस आणि एक मरतुकडा अशी जोडी जुंपायची नाही. त्यात तुमचं खरं होतं. पण दुसऱ्या बाबतीत नव्हतं. तीन पंख्यांचं एक भलंमोठं कार्ड तुमच्या मनात भरलं होतं, कारण ते दिसायला दांडगं होतं. ते तुमच्या त्या स्वस्त पेटीत मावणार नाही हे मी परोपरीने सांगितलं. तुम्ही म्हणालात, "दुकानात गेल्यावर बघू."

कल्याणच्या दुकानात मी शिवणाची टेप घेऊन गेले होते. कार्ड मोजलं, पेटी आतून मोजली, आणि टेप तुमच्या हातात दिली. तुम्ही पाहिलंत. मग दोन पंख्यांच्या कार्डाकडे बोट दाखवून दुकानदाराला म्हणालात, "ह्ये चालवून दाव."

"आजी, डबा उघडला की परत घेता येत नाही."

"बांधलेला बैल कोन घेतं रे? चालवून दाव."

त्या भल्या तरुणाने खरंच सगळं उघडलं. टेबलावर भाग तात्पुरते जोडले, पंखे फिरवून दाखवले, पडद्यावर चित्र आणलं. तुम्ही खुर्चीवर बसून कान देऊन आवाज ऐकलात. मग पदर पुढे घेतलात आणि पदराखालून हात त्याच्यापुढे केलात. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, कापडाखाली बोटं धरून, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. त्या बिचाऱ्याला वाटलं, आजींना उठायला आधार हवा आहे. त्याने तुमचा हात दोन्ही हातांनी धरला आणि अलगद तुम्हाला उभं केलं. मी तोंड फिरवून कीबोर्ड पाहत राहिले. तुम्ही पण हसलात. म्हणालात, "भाव न करता उभी केलीस मला, आता घेतलंच पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण जोडायला बसलो. मी माहितीपुस्तक वाचत होते, तुम्ही स्क्रू फिरवत होतात. तुमची बोटं त्या वयातही थरथरत नव्हती. प्रोसेसर बसला, रॅमच्या दोन पट्ट्या टक् करून बसल्या, कार्ड बसलं. मग पॉवर सप्लायच्या वायरी जोडायच्या होत्या. वायरी नव्हत्या. एकही नव्हती. मी सगळे डबे उलटे केले आणि रागारागाने दुकानात फोन लावला.

तो म्हणाला, "मॅडम, वायरींची पिशवी इथेच आहे. आजींनीच परत दिली. मला वाटलं, तुमच्याकडे असतील."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मलाच काही कळत नाही अशा नजरेने. "दावं कोनी नेतं का गो वयनी? जनावर न्यायचं, दावं इकनाऱ्याचं त्याला ठेवायचं. नायतर त्याची दावन रिकामी पडते."

तुमच्या भावाला इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग मात्र तो गंभीर झाला आणि मला म्हणाला, "ती बरोबर बोलते. तसंच करतात." तुम्ही कॉम्प्युटरसाठीही बैलबाजाराचा नियम पाळला होतात, पिशवी उचलून त्या मुलाच्या गल्ल्याशेजारी ठेवली होतीत, आणि आम्हाला सांगायचं कारणच तुम्हाला दिसलं नव्हतं. ओळखीच्या माणसाबरोबर वायरी आल्या. तुम्हाला ते बरं वाटलं नाही. सुताचं एक नवं दावं वळलंत आणि त्याच माणसाबरोबर कल्याणला पाठवून दिलंत. मगच वायरींना हात लावलात.

कॉम्प्युटर पहिल्या खेपेला सुरू झाला नाही, दुसऱ्या खेपेला झाला. तुमच्या भावाने अर्थिंग तपासून दिलं आणि रेडिओचा विषय पुन्हा काढला नाही.

मिहीरने सांगितल्याप्रमाणे मी शेतीचा खेळ आणला. सकाळी चहाच्या वेळी पोरांची तिकडे संध्याकाळ असते. दोघं तयारच बसली होती. सईने तुमच्यासाठी त्यांच्या शेतात एक तुकडा राखून ठेवला होता. "आत्याआजी, ही तुझी जमीन."

तुम्ही ती जमीन पाहिलीत. ट्रॅक्टर थोडा पुढे नेलात, थोडा मागे आणलात. कंट्रोलर मांडीवर ठेवलात.

"मला शेत नको दावू गो बाय. जन्मभर त्येच केलं. त्यो गाड्या पळवतो त्यो खेळ कुठाय?"

मिहीरचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ. कॉलवर त्याच्या पडद्यावर तुम्ही लक्ष देऊन पाहत होतात तो हा, शेत नव्हे. म्हणून तुम्हाला कार्ड हवं होतं. म्हणून माझे चिंचोके रात्रीतून हलत होते.

का, ते तुम्ही नंतर एकदा सांगितलंत, आपण वाल सोलत बसलो होतो तेव्हा. तुमच्या वडिलांचे शर्यतीचे बैल होते. त्यांना पहाटे माळावर पळवून तयार करायचं काम तुमचं. खाणं तुम्ही घालायचात, अंग तुम्ही चोळायचात, कोणता बैल डावीकडे ओढतो ते तुम्हाला माहीत. शर्यतीच्या दिवशी छकड्यावर चुलतभाऊ चढायचा. बायकांनी माळावर यायचंसुद्धा नाही. तुम्ही आंब्यावर चढून पाहायचात. "जिंकली का जोडी?" मी विचारलं. "जिंकायची ना. मी केलेली जोडी व्हती." आणि वालाच्या सालींकडे पाहत म्हणालात, "एकदा तरी माझ्या हातात कासरा पायजे व्हता, बस."

अक्का, तुमच्याबद्दल मला फार गोष्टींचं कौतुक वाटत आलं, पण या एका गोष्टीचं सर्वांत जास्त वाटतं. साठ वर्षं तुम्ही ही हौस पोटात ठेवलीत आणि ती कडू होऊ दिली नाहीत. संधी दिसली तशी जोडी विकून मोकळ्या झालात. मी असते तर लोक काय म्हणतील याचाच हिशेब करत बसले असते.

पहिल्या दिवसांत तुमची गाडी रस्त्यावर कमी आणि गवतात जास्त असायची. तरी दोन शर्यती तुम्ही जिंकलात. सईने टाळ्या वाजवल्या. तुम्ही कंट्रोलर खाली ठेवलात आणि उठून गेलात. मग तीन-चार सकाळी खेळायला बसलाच नाहीत. पोरांना काही कळेना. शेवटी मी आग्रह केला तेव्हा पडद्यासमोर येऊन उभ्या राहिलात.

"मिहीर, मला जिंकवायला तू कासरा ढिला सोडलास. मला कळत नाय व्हय? बैल पळवलेत मी."

मिहीरने सईकडे पाहिलं. सईने त्याला इंग्रजीत समजावलं. तो लाल झाला.

"माझ्याम्होरं ढिला सोडायचा नाय. हरव मला. मी रडत नाय."

त्यानंतर पोरांनी तुम्हाला रोज हरवलं. उन्हाळाभर हरवलं. तुम्ही कायम शेवटच्या, आणि तुमच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद त्यापूर्वी पाहिला नव्हता. हरल्यावर मिहीरला जी नावं ठेवायचात ती मी इथे लिहीत नाही. त्याला ती सगळी पाठ आहेत. दहा मिनिटं मराठी बोलून दमणारा मुलगा तुमच्याशी तासभर भांडायचा. त्याच्या आईने फोन करून मला विचारलं होतं, "हा आता 'गपतंस का नाय' असं का बोलतो?"

आपली दुसरी भांडणं त्याच काळातली. तुम्ही रोज सकाळी पेटीचं एका बाजूचं झाकण काढून ठेवायचात. "त्याला वारा लागूदे. आनि दिसूदे मला पळताना." मी म्हणायचे, पाली जातील आत, आणि दुपारी झाकण लावून टाकायचे. काचेची पेटी मी सुचवली होती तेव्हा तुम्हीच नको म्हणाला होतात, हेही ऐकवायचे. तुम्ही म्हणायचात, "तवा मला म्हाइत नव्हतं, इतकं देखणं पळतो ते." आता झाकण लावलेलं आहे आणि ते कोणी काढत नाही. मला तो विजय अजिबात नको आहे.

मग ती सकाळ. पावसाळा उतरला होता, पोरांच्या शाळा सुरू झाल्या होत्या, त्यामुळे एकच शर्यत खेळायची असं ठरलं होतं. मी स्वयंपाकघरात होते. सईचं ओरडणं ऐकलं आणि बाहेर आले. तुमचं नाव पडद्यावर सर्वांत वर होतं. तिकडून मिहीर काहीच बोलत नव्हता. मग त्याच्या आईने झोपायला हाक मारली आणि कॉल बंद झाला.

तुम्ही हसला नाहीत. पेज पिताना म्हणालात, "सोडला असंल त्यानं."

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही जिंकलात. तुमच्या धाकाने तो इतके महिने सोडत नाही."

"म्हातारीला एकदा जिंकूदे म्हनला असंल. पोरं मायाळू हायेत, तिथंच घोटाळा हाय."

"तुम्हाला चांगलं काही पटतच नाही."

"पटतं गो. पन खरं पायजे. तू विचार त्याला."

विचारते म्हटलं. त्या आठवड्यात त्यांच्या परीक्षा होत्या, कॉल झाला नाही. तुम्ही दोनदा आठवण केलीत. तिसऱ्यांदा करायच्या आधी, दुपारी जेवून आडव्या झालात त्या उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल. सगळे म्हणतात, चांगलं मरण आलं. माझ्या मनात एकच येत राहिलं की उत्तर न ऐकता गेलात. एकदा कासरा हातात आला, जिंकलात, आणि ते जिंकणं खरं होतं की पोरांनी माया म्हणून दिलेलं, हे तुम्हाला कळलं नाही.

तेरावं झाल्यावर मिहीरचा फोन आला. येता आलं नाही म्हणून तो रडत होता. मी त्याला रडू दिलं आणि मग विचारलं. तुमचं काम होतं ते, तुम्ही सांगितलेल्या शब्दांतच विचारलं. त्या दिवशी कासरा ढिला सोडलास का?

त्याचं रडणं एकदम थांबलं. मला वाटलं, झालं, तुमचंच खरं निघणार.

"आजी, तू रागावशील."

"नाही रागावणार. खरं सांग."

"मी आत्याआजीला ढकललं. शेवटच्या वळणावर. ते चीटिंग होतं. म्हणून मी काही बोललो नाही."

त्याने त्या शर्यतीचं रेकॉर्डिंग पाठवलं. तुमच्या खुर्चीत बसून मी ते पाहिलं. शेवटच्या वळणावर तुमची निळी गाडी जराशी पुढे आहे. मिहीरच्या लाल गाडीला डावीकडे मोकळा रस्ता पडला आहे, भरपूर. तिथून न जाता ती उजवीकडे वळते, सरळ तुमच्या अंगावर येते आणि दरवाजाला दरवाजा घासून तुम्हाला रस्त्याबाहेर रेटते. तुमची दोन चाकं गवतात जातात. माती उडते. कोणीही वेग कमी केला असता. तुम्ही केलेला नाही. गाडी गवतातूनच तशी सुसाट निघते, वळण संपतं तिथे रस्त्यावर चढते, त्याच्या पुढ्यात, आणि रेषा ओलांडते.

मी मिहीरला पुन्हा फोन लावला. म्हटलं, "मुद्दाम ढकललंस?"

"हो आजी. मला हरायचं नव्हतं."

ऐकलंत ना, अक्का. पोराला हरायचं नव्हतं.